नुसतं धनुष्य आणलं मी

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी चिडलो, मग रडलो. पायाची साधी जखम, आणि तेवढ्यापायी माणूस जातो? आमच्या शाळेचा क्रीडाशिक्षक, माझा तीस वर्षांचा मित्र. बांबू तासून स्वतः धनुष्यं करायचा आणि आमच्या कुरुंदा गावातल्या पोरींना तिरंदाजी शिकवायचा. हट्टी तर असा, की देवानंही हात टेकावेत.

चूक माझीच. मी इतिहासाचा मास्तर. एकदा चहा पिता पिता त्याला ग्रीक पुराणातल्या एका धनुर्धराची गोष्ट सांगितली. त्याच्या पायाला साप चावला, जखम सडली, वास सहन होईना म्हणून साथीदारांनी त्याला ओसाड बेटावर टाकून दिलं. दहा वर्षांनी कळलं, त्याच्या धनुष्याशिवाय लढाई जिंकता येत नाही... मग झक मारत परत आले, त्याला घेऊन गेले, पाय बरा केला. झालं! तेव्हापासून पोरींना हीच गोष्ट. ऐकून ऐकून माझे कान किटले.

पुढं याच्याच पायात कापलेल्या तुरीचं धसकट घुसलं. त्यात शुगर. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणे, "घरची हळद असताना डॉक्टर काहून?" रोज हळदीचा लेप. वास यायला लागला तसा शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपटात, एकटाच जाऊन राहिला. मी ओरडायचो, "अरे, पाय जाईल लेका!" तो हसायचा. "येतील न्यायला. त्याला आले न्हाई का?" काय बोलावं या माणसाला! म्हणजे हा वीर, आणि आम्ही सगळे गुन्हेगार. वैतागून मी जाणंच सोडलं.

गेलो ते महिन्यानं. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पोरींना त्याचं चांगलं धनुष्य हवं होतं. मला पाहून त्याचं तोंड उजळलं. "आलास का न्हाई!" लंगडत उठला, खुंटीवरचा धुतलेला शर्ट अंगात घातला, बटणं लावू लागला.

"तू कुठं निघालास? पोरींना धनुष्य पाहिजे."

त्याचे हात थांबले. "बराबर हाय," एवढंच म्हणाला आणि धनुष्य काढून दिलं.

पोरी जिंकल्या. तो नवव्या दिवशी गेला.

धनुष्य अजून माझ्या खोलीत आहे. रोज त्याच्याकडं बघून चिडतो... बाबा रे, मलाही ने, असं तोंडानं म्हणायला काय झालं होतं तुला? पण शर्ट घातला होता त्यानं. दारात माझी मोटरसायकल उभी होती. मागच्या सीटवर मी धनुष्य बांधलं, घट्ट, पडू नये म्हणून.