डाव्या मुठीतले छर्रे

आमच्या रेंजवर छर्रे मोजून मिळतात, किस्से मात्र फुकट! जव्हारच्या एसटी डेपोमागं भाताचं एक जुनं गोदाम आहे, तिथं आम्ही सातआठ जण एअर पिस्तूल मारतो. रोज कुणीतरी काहीतरी घोळ घालतं आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्याचा किस्सा होतो. मी शाळेत गणित शिकवते आणि भांडकुदळ म्हणून तालुक्यात प्रसिद्ध आहे, तेव्हा हे सगळं भांडणाच्या आवाजातच ऐकायचं.

गोदाम नानांचं. एक दिवस नाना म्हणाले, "यंदा तुमच्यातलं कुणी राज्याच्या स्पर्धेला निवडलं गेलं तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर चावी परत. मला सिमेंट ठेवायचंय."

मी म्हटलं, "नाना, सिमेंट कुठंही राहील. आम्ही कुठं जायचं?"

"घरी!"

तिथंच माझं डोकं फिरलं. घरी जायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

*

शिकवायला हवालदारकाका. सूर्यमाळचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांचं एकच म्हणणं, "नेम कुणाचा चुकत नाही, लोडिंग चुकतं!"

या पिस्तुलात एका वेळी एकच छर्रा बसतो. मारला की खटका उघडायचा, नवा ठेवायचा, बंद करायचा. मॅचला साठ शॉट, सव्वा तासात. म्हणजे साठ वेळा हेच. तेवढ्या वेळात उजव्या हाताची पकड सुटता कामा नये. छर्रा भरायचा डाव्या हातानं, आणि पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडं.

मला हे जमायला महिना लागला. मी प्रत्येक शॉटला पिस्तूल या हातातून त्या हातात घ्यायची. शेवटी काका मागून ओरडले, "बाई, पिस्तूल आहे ते, भाजीची पिशवी नाही!"

*

एकदा नाना बघायला आले. मी लोड करताकरता त्यांच्याशी सिमेंटवरून भांडत होते. भांडणाच्या भरात एक छर्रा आत असताना दुसरा त्याच्यामागं ठेवला. मारला, तर कागदावर खाली कुठंतरी दोन भोकं!

नाना खूश. "वा बाई! एका बारात दोन!"

काकांचा चेहरा बघवत नव्हता. त्या दिवसापासून भिंतीवर पाटी लागली : लोड करताना तोंड बंद. खाली बारीक अक्षरात : विशेषतः बाईंनी.

*

यमुना आली ती एका बाजाराच्या दिवशी. साखरशेतची, तिशी ओलांडलेली, घरची भात-नाचणी. भाजी विकून झाल्यावर रिकामी पाटी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "मला पण मारायचंय."

नाना तिथंच होते. आत आमचे दोन बँकवाले मारत होते. नाना म्हणाले, "आधी पुरुषांचं होऊ दे. तोवर उभी राहा." (मी मास्तरीण, म्हणून मला सूट!)

ती दीड तास उभी राहिली. मग काकांनी तिच्या हातात पिस्तूल दिलं. पहिला छर्रा भिंतीत, दुसरा भिंतीत, तिसरा थेट टार्गेटच्या काळ्या गोलात.

पुढच्या बाजाराला पुन्हा हजर. मी एकटीच होते. इकडंतिकडं बघून म्हणते, "आज कोणाचं व्हायचंय आधी?"

*

आमच्या पाड्यांवर सगळ्यांना तूच म्हणतात. देवाला तू, तहसीलदारालाही तू. यमुनानं नानांना विचारलं, "नाना, तू नाय का मारत?"

नाना लालबुंद! मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला तू म्हणते ती!"

म्हटलं, "देवाच्या रांगेत बसवलंय तुम्हाला. तक्रार कसली करताय?"

*

यमुनाचा नेम असा, की काका बघत राहायचे. पण लोडिंगला हात भारी हळू. डबीतून छर्रा काढायचा, बारीक तो, निसटायचा. मान खाली घालून शोधायचा, उलटसुलट बघायचा, तोवर पकड ढिली. वेळ संपायचा तेव्हा दहाबारा शॉट मारायचे राहिलेले असायचे. काकांनी डबी बदलली, टेबल उंच केलं, लाकडाच्या फळीला भोकं पाडून त्यात छर्रे लावून दिले. काही फरक नाही. आणि आमच्यात राज्याला जाण्यासारखी होती ती एकटीच. मला तर सिमेंटची पोती दिसायला लागली होती डोळ्यासमोर.

मग पाऊस लागला आणि यमुना महिनाभर आवणीला गेली, म्हणजे भाताची रोपं लावायला. परत आली ती पहिल्याच दिवशी डबीतून पाच छर्रे डाव्या मुठीत घेऊन उभी राहिली. मारला की खटका उघडायची, आंगठ्यानं एक छर्रा बोटांच्या टोकाशी सरकवायची आणि आत ठेवायची. डोकं कुठलं, बूड कुठलं, ते आंगठाच ओळखायचा. मान वर, डोळे टार्गेटवर. साठ शॉट झाले आणि अकरा मिनिटं उरली!

काका म्हणाले, "हे कुठं शिकलीस?"

"आवणीला. रोपांची जुडी डाव्या मुठीत, आंगठ्यानं सारत जायचं. खाली कोण बघतं?"

काकांनी आपली वही काढली आणि लोडिंगच्या पानावर आडवी काट मारली. मग आम्हीही करून बघितलं. माझे पाचही छर्रे जमिनीवर. आवणी न केलेल्या हाताला ते जमत नाही, कबूल!

*

जिल्ह्याची मॅच. वेळ सुरू झाली, यमुनाचे तीन शॉट झाले, आणि एक ऑफिसर तिच्या मागं येऊन उभे राहिले. "थांबा. डाव्या मुठीत काय आहे?"

तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, मूठ उघडून दाखवली.

"असं चालणार नाही. छर्रे डबीतून घ्या."

मी लांबूनच ओरडले, "नियम दाखवा!" काकांनी माझा पदर ओढला. गृहस्थ पुस्तक चाळायला लागले. घड्याळ पळतंय, पानं उलटताहेत, नियम काही सापडेना. वर्षभराची मेहनत त्या पुस्तकात अडकली होती.

शेवटी पुस्तकातून डोकं वर न काढताच त्यांनी विचारलं, "कुठल्या अॅकॅडमीत शिकवतात हे?"

"साखरशेतला," यमुना म्हणाली. "आखाडात ये. गुडघाभर चिखल असतो, बूट नको घालू."

त्यांनी पुस्तक मिटलं. यमुनानं मूठ मिटली. साठावा शॉट झाला तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती. संध्याकाळी राज्याच्या यादीत तिचं नाव लागलं, आणि मी भर मैदानात रडले. भांडकुदळ बाई रडते कशी, ते बघायला बँकवाले गोळा झाले.

*

सोमवारी नाना गोदामात आले. बरोबर हार, पेढे आणि फोटोग्राफर. दारातूनच त्याला सांगत होते, "ही जागा मी पहिल्यापासून आपल्या मुलींसाठीच दिलेली आहे! चावी कायमची यांच्याकडंच!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं.

यमुना लाइनवर होती. उजव्या हातात पिस्तूल, डावी मूठ बंद. नाना हार पसरून पुढं झाले. "या या, यमुनाताई! आधी फोटो!"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. "नाना, चार ऱ्हायलेत मुठीत. तोवर उभा ऱ्हा."

नाना उभे राहिले. दोन्ही हातांत हार, तसेच. एक झाला. दोन झाले. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. तिसरा झाला. चौथा झाला.

यमुनानं पिस्तूल टेबलावर टेकवलं, खटका उघडला. नानांनी हार वर उचलला.

तिनं डबीत हात घातला आणि आणखी पाच घेतले.