कासाबाईनं चंदाला काय सांगितलं

बोरीच्या पुढं, माळाला लागून, मेंढरं पाळणाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या कासाबाईला कॅन्सर झाला तेव्हा तिनं नुकती चाळिशी ओलांडली होती. स्तनातली गाठ काढली, मग सलाईनमधून औषधं दिली, मग मशीनचे शेक दिले. डोक्यावरचे सगळे केस गेले तेव्हा घरात रडारड झाली. ती मात्र दवाखान्यातून आली, पदर मागं सारला आणि नवऱ्याला, रायभानला, म्हणाली, "बघा, यंदा मलाबी कातरलं." रायभान हसला नाही. त्या हंगामात त्यानं मेंढरांच्या कातरणीला दुसराच माणूस लावला.

कासाबाई बरी झाली. पुन्हा कळपामागं फिरू लागली, लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला पार पालमकडं जाऊ लागली. लेक दैवशाला मोठी झाली, सेलूला नांदायला गेली. वस्तीवर, गावात कुणा बाईच्या छातीत काही हाताला लागलं की ती गुपचूप कासाबाईकडं यायची. "लाजायलीस कशाला? मला तर अर्धंच हाय," असं म्हणून ती आधी तिला हसवायची आणि मग दवाखान्यात घेऊन जायची.

गेल्या पावसाळ्यात हीच वेळ तिच्या धाकट्या जावेवर, चंदावर आली. चंदानं गाठ लपवली होती. कासाबाईनंच ती ओळखली, तिला ओढत दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. ओकून ओकून चंदा अर्धी झाली, तेव्हा कासाबाई तिची पाठ चोळत म्हणायची, "माझ्याकडं बघ की. किती वर्षं झाली, हाय का न्हाई मी?"

त्याच दिवसांत कासाबाईला माळाची चढण चढताना दम लागायला लागला. मांडीवर काळेनिळे डाग उठले. चूळ भरली की पाण्यात रक्त दिसायचं. ताप उतरेना, तेव्हा सेलूच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तडक तिच्या पहिल्या आजाराचा इलाज झालेल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"जुनाच आजार उलटला का?" रायभाननं विचारलं.

"नाही. तो कुठंच दिसत नाही. हा नवा आहे, रक्ताचा. तेव्हा जी औषधं दिली, त्यांनी गाठ मेली. पण हाडात जिथं रक्त तयार होतं, तिथंही त्यांचा मार बसतो. फार थोड्या लोकांना, काही वर्षांनी, त्यातून हा आजार होतो."

"म्हंजे तुमीच दिला."

"औषधानं दिला. पण तेव्हा ते दिलं नसतं तर..."

रायभान पुढचं ऐकायला थांबला नाही. कासाबाई थांबली. मुंबईला नेऊन जालीम औषधं द्यायची, मग कुणाचा तरी मगज जुळवून घालायचा, असा एक मार्ग होता. "त्यातून मी घरी येईन का?" तिनं विचारलं. बाईंना हो म्हणता आलं नाही. मग कासाबाईनं परभणीला जाऊन लागेल तसं रक्त चढवून घ्यायचं आणि घरीच राहायचं ठरवलं.

रायभाननं वस्तीभर सांगितलं, "त्या औषधानंच खाल्लं तिला." चंदानं ते ऐकलं आणि पुढच्या सलाईनला गेलीच नाही. तिचा नवरा रामकिशन अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीविना एकटाच, ऊसतोडीला गेलेला. तिला कोण समजावणार?

आईला भेटायला आलेली दैवशाला म्हणाली, "आई, काकूला सांग, जुनीच गाठ उलटली म्हणून. मग ती औषधाला भिणार न्हाई."

"मग म्हणंल, औषध घेऊनबी उलटतंय, तर घेऊ कशाला? जा, बोलाव तिला."

चंदा आली ती दारातच उभी राहिली.

"अक्का, तुमीच नेलं मला."

"व्हय. मीच नेलं."

"हे ठावं असतं तर नेलं असतं का?"

"नेलं असतं. पण सांगून नेलं असतं."

"तुमाला राग येत न्हाई?"

"लय येतो. पडल्या पडल्या दात खायलेय मी. कुणावर काढू?" तिला धाप लागली. "चंदे, त्या गाठीनं मला तवाच नेलं असतं. माझी दैवशाला तवा परकरात व्हती. तुझी गाठ आज हाय. माझं हे तुला व्हईल का न्हाई, ते कुणालाच ठावं न्हाई."

"अन् झालं तर?"

"झालं तर झालं. तुला खोटं कशाला बोलू?"

चंदा रडत निघून गेली. त्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली नाही, पुढच्याही नाही. कासाबाईनं पुन्हा तिला बोलावलं नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी कासाबाईच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. जीपमध्ये घालून परभणीकडं निघाले. वाटेतलं झरी गाव मागं पडायच्या आत ती रायभानच्या मांडीवर गेली.

दहावा झाला. चंदा चुलीपाशी दैवशालाला म्हणाली, "अक्कांनी मला खोटं न्हाई सांगितलं. मला दवाखान्यात जायचंय, पण संगं कुणी न्हाई." ओट्यावर बसलेल्या रायभानला ते ऐकू गेलं. धाकट्या भावाच्या बायकोशी तो कधी समोरासमोर बोललेला नव्हता. सकाळी चंदा बोरीच्या स्टँडवर पोचली, तर तो आधीच तिथं उभा. एसटीत तो तिच्या मागच्या बाकावर बसला.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. मध्ये पडलेला खंड बरा नाही, म्हणाल्या. रायभाननं विचारलं, "हिलाबी ते व्हईल का?"

"बहुतेक नाही. पण नाहीच, असं मला म्हणता येत नाही."

त्यानं मान हलवली. चंदाला म्हणाला, "घे तू. मी भाईर बसतो."

उन्हाळा संपेपर्यंत तिची सगळी सलाईनं झाली. केस अजून नीट आलेले नाहीत. परवा चारा टाकताना मेंढीचं शिंग लागून तिच्या दंडावर काळानिळा डाग उठला. तो उतरून कातडी पिवळी पडेपर्यंत ती रोज चूळ भरून पाण्यात रक्त दिसतंय का ते बघत राहिली.