सात वेळा उचललेला फोन

धुळ्यात मोडेम असलेली माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होत होती, त्या काळात मी तिथे कॉम्प्युटरवर चर्चेचा बोर्ड सुरू केला. इंटरनेट आमच्या बाजूला अजून आलेलं नव्हतं. बोर्ड म्हणजे काय, तर माझ्या घरचा कॉम्प्युटर, त्याला जोडलेला मोडेम आणि मोडेमला जोडलेली घरची टेलिफोन लाईन. दुसऱ्याने आपल्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर लावायचा. माझा मोडेम फोन उचलणार, दोन्ही यंत्रं एकमेकांवर किंचाळणार, मग त्याने आत येऊन आधीच्यांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं मत लिहायचं आणि फोन ठेवायचा. तो ठेवेपर्यंत दुसऱ्या कोणाला आत येता येत नसे. एका वेळी एकच माणूस मावेल अशा जागेला मी ‘खुला मंच’ म्हणत होतो, यावरून माझी तेव्हाची अक्कल कळावी.

बरं, लाईन तरी माझी होती का? ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सबंध गल्ली त्यांना आबाच म्हणायची. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर गल्लीतला पहिला फोन आमच्याकडे आला आणि आबांनी तो एकट्याचा कधी मानला नाही. आसपासच्या सगळ्या घरांनी आमचाच नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता. लग्नपत्रिकांवर तो ‘पी.पी.’ असं पुढे लिहून छापला जायचा, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील. आणि आबा खरोखर बोलावून द्यायचे. पलीकडच्याला थांबायला सांगून ओट्यावर जायचे आणि खणखणीत हाक मारायचे. ज्यांचा फोन यायचा असे ती मंडळी अर्धा तास आधीच येऊन आमच्या बैठकीत बसायची. कापसाचा भाव, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, नळाला पाणी केव्हा येणार, असलं सगळं तिथे चालायचं. माझं डोकं उठायचं. मी कॉलेजात शिकवत होतो, कॉम्प्युटरचं मासिक पोस्टाने मागवत होतो आणि घरात ही रोजची जत्रा. विचारांची देवाणघेवाण करायला जरा बऱ्यापैकी माणसं मिळावीत, म्हणून तर मी बोर्डाच्या नादी लागलो.

आबा संध्याकाळी सात ते आठ देवळात जाऊन बसत. तेवढा तास मी मागून घेतला. त्या वेळात कोणाचे फोन येत नाहीत, असं मी त्यांना ठोकून दिलं. खरं तर सातनंतर बाहेरगावचे दर उतरायचे आणि लोक त्याचीच वाट बघत बसायचे, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी त्याला बाहेर काढलं असेल. आबांनी एवढंच बजावलं, की कोणाचा फोन चुकायला नको. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

बोर्डाला नाव ठेवायला मला तीन दिवस लागले आणि सभासद मिळायला तीन महिने. सभासद क्रमांक एक मी. क्रमांक दोनही मीच, कारण एकट्याने चर्चा बरी दिसत नाही. मग एक दातांचे डॉक्टर आले, कापसाच्या एका जिनिंगवाल्याचा मुलगा आला आणि जळगावचा एक इंजिनिअर आला. तो बाहेरगावचा असल्यामुळे घाईघाईत दोन ओळी लिहून पळायचा. मी कॉलेजात नोटीस लावली, पेपरवाल्याला गाठून पेपरांत चिठ्ठ्या घालायला लावल्या. त्या वाचून तीन गृहस्थ घरी आले आणि मंच कुठे बांधलाय म्हणून विचारू लागले. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

तर अशी ही आमची थोर सभा. तिथे शेतीवर, शिक्षणावर, खान्देशच्या भवितव्यावर चर्चा व्हावी असं माझ्या मनात होतं. प्रत्यक्षात सगळ्यात लांब चर्चा झाली ती शेवभाजी धुळ्याची चांगली की जळगावची, यावर. डॉक्टर आणि इंजिनिअर त्यावरून इतके पेटले की डॉक्टर आठवडाभर रुसून बसले आणि माझा एक तृतीयांश मंच ओस पडला. दुसऱ्या क्रमांकाची चर्चा ‘आपला बोर्ड कसा वाढवावा’ या विषयावर होती. त्यात बहुतेक मतं माझीच होती आणि त्यांना पाठिंबा क्रमांक दोनचा होता.

अशात एका सोमवारी चमत्कार झाला. कॉम्प्युटर प्रत्येक फोनची वेळ नोंदवून ठेवायचा. सातनंतर एक अनोळखी फोन आला, मोडेमने उचलला, पण पलीकडचा आत न येताच गेला. मंगळवारी असेच दोन. बुधवारी चार! मी हरखून गेलो. कोणीतरी नवा माणूस बोर्डाच्या उंबऱ्यापर्यंत येतोय, बिचारा बुजतोय, त्याला आत कसं यायचं ते कळत नाहीये. मी त्या सात फोनांची नोंद छापून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवली आणि बोर्डावर जाहीर केलं, की आपल्याकडे नव्या पाहुण्यांची रीघ लागली आहे. लाजऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून स्वागताचा एक मजकूरही लिहिला. काय तो मजकूर! आठवला की अजून कानाची पाळी गरम होते.

त्या तिन्ही संध्याकाळी आमच्या बैठकीत समोरच्या घरातली अक्का बसलेली होती. तिच्या मुलीला दोंडाईच्याचं स्थळ सांगून आलं होतं, बघण्याचा कार्यक्रम छान पार पडला होता आणि आता मुलाकडच्यांचा निरोप यायचा होता. नंबर अर्थातच आमचा दिलेला. मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. विचारलं तर मुलगी जड झालीय असं दिसतं. म्हणून अक्का काम आटोपून यायची, पदर सावरून कोपऱ्यात बसायची आणि फोनकडे बघत राहायची. मी तिला म्हणायचो, अक्का, तू घरी जा, फोन आला तर मी हाक मारीन. ती म्हणायची, राहू दे रे, बसते.

बुधवारी ती माझ्यापासून दोन हातांवर होती. घंटी अर्धी वाजली न वाजली तोच मोडेमने फोन उचलला आणि किंचाळायला सुरुवात केली. अक्का दचकली.

“कोन शे रे, भाऊ?”

“आमचा पाहुणा आहे,” मी ऐटीत म्हटलं.

तिने कान दिला. त्या किंचाळण्याच्या आत कुठेतरी बारीक काहीतरी वाजत होतं. “माले त मानूसना आवाज वाटना,” ती म्हणाली. “हॅलो हॅलो करी राह्यना ना तो.”

मी हसलो. मग खुर्ची तिच्याकडे वळवून तिला समजावून सांगितलं. ध्वनीचं रूपांतर कसं होतं, यंत्र यंत्राशी कसं बोलतं, आपल्या कानाला तिथे माणूस असल्याचा भास कसा होतो. वर्गात मी इतकं सोपं करून कधी शिकवलं नसेल. अक्का मान डोलावत राहिली, कारण मी शिकलेला होतो आणि ती चौथी. आज वाटतं, त्या वेळी कोणीतरी माझ्या मुस्काटात द्यायला हवी होती.

गुरुवारपासून पाहुणा येईनासा झाला. मला हळहळ वाटली. स्वागताचा मजकूर कमी पडला असेल असं धरून मी तो आणखी लांबवला, आणि बोर्डाची वेळही साडेआठपर्यंत वाढवली. पंधरा दिवस गेले. अक्का रोज यायची, मग एक दिवसाआड येऊ लागली, मग यायची थांबली. गल्लीत कुजबुज सुरू झाली की दोंडाईच्याच्यांना मुलगी पसंत पडली नाही. कारणं शोधायला आमच्या गल्लीला कधी वेळ लागला नाही.

मग एका सकाळी मुलीचे मामा सोनगीरहून एस.टी.ने आले. स्थळ त्यांनीच आणलेलं, त्यामुळे चेहरा रागाने लाल. अक्काच्या घरात जे बोलणं झालं ते आबांनी ऐकलं आणि येऊन मला सांगितलं. मुलाचे वडील होकार कळवायला स्वतः फोन लावत होते. तीन संध्याकाळी, सातनंतर, सात वेळा. दर वेळी फोन उचलला गेला आणि पलीकडून कोणीतरी कानात चिरकलं. त्यांनी अर्थ काढला तो असा, की मुलीकडच्यांना नको आहे, तोंडावर सांगता येत नाही म्हणून ही थट्टा चालवली आहे. ते गप्प बसले. हे इकडे रीत पाळून गप्प बसले.

आबा सांगत होते आणि त्यांच्या डोक्यावरून मला भिंतीवरचा कागद दिसत होता. एक, दोन, चार.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “एक्स्चेंजचा घोटाळा असणार.”

हे इतकं सहज तोंडातून निघालं की मलाच पटलं. आबांनी टोपी घातली आणि तडक टेलिफोनच्या ऑफिसात गेले. जन्मात कधी कोणाशी आवाज चढवून न बोललेला माणूस तिथे गल्लीच्या पोरीसाठी भांडला. तिथल्या माणसांनी शांतपणे लाईन तपासून दाखवली. लाईन चोख होती. आबा परत आले ते ओशाळून, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, की आपण उगीच त्या भल्या माणसांना बोललो, उद्या जाऊन माफी मागून यायला हवी.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. भिंतीवरचा कागद काढून मी आधी त्यांच्यापुढे धरला आणि मग तोच घेऊन समोर अक्काकडे गेलो. मामांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. अक्का चिडली असती तर मी सुटलो असतो. ती कागदाकडे बघत बसली, त्यावरचं तिला काही कळत नव्हतं, आणि हळूच म्हणाली, “मी तुले सांगेल व्हतं, मानूस शे म्हनी.”

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी दोंडाईच्याला गेलो. मुलीकडून कोणी असं जात नसतं, पण रीत मोडायची तर ती आपण मोडू, अक्काला मोडायला लावायची नाही, असं आबा म्हणाले. मुलाच्या वडिलांचा मिरचीचा व्यापार. त्यांनी आम्हाला मिरचीच्या पोत्यांमधून वाट काढत आत नेलं, पाणी दिलं, चहा दिला. मी शिंका आवरत मोडेम समजावून सांगायला लागलो. ते मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “किती मानसं शेतस त्यामा?”

मी म्हटलं, तीन. क्रमांक एक आणि दोन सांगायची मला लाज वाटली.

“आनि काय बोलतस तुम्ही तठे?”

आबा माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत म्हणालो, “शेवभाजी.”

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने ते आबांना म्हणाले, “माले वाटनं, तुम्हनी पोरले मना पोऱ्या पसंत नही.” मग त्यांनी सांगितलं, की मुलाच्या मनात तीच मुलगी होती, त्याच्याच सांगण्यावरून ते पुन्हापुन्हा फोन लावत होते, पण आता शिरपूरकडच्या घरी शब्द दिला, परवाच सुपारी फुटली. दिलेला शब्द फिरवता येत नाही. आबांनी हात जोडले. येताना दोघेही एकमेकांना धरून दारापर्यंत आले, जणू सोयरीक झालीच होती.

घरी येताच मी मोडेमची वायर काढली. डॉक्टर, जिनिंगवाल्याचा मुलगा, इंजिनिअर यांना कळवायचंही राहिलं. नंतर कळलं की बोर्ड बंद पडल्याचं त्यांच्या महिनाभर लक्षातच आलं नव्हतं. आबा अक्काकडे जाऊन आले. मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून मी आमच्याच ओट्यावर बसून राहिलो.

थोड्या वेळाने मुलगीच आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आमच्याच कॉलेजात. आता ही काय बोलेल म्हणून मी अंग चोरून बसलो. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“दादा, खरंच सात वेळा का?”

“हो.”

“आणि होकारच सांगायचा होता?”

“होकारच. मुलाला तूच हवी होतीस. त्याच्या वडिलांनी आबांसमोर सांगितलं.”

तिने चष्मा काढून ओढणीने पुसला. मग म्हणाली, “पंधरा दिवस घरात सगळे माझ्या चष्म्याला बोलताहेत. काकू म्हणते, त्या दिवशी तो काढून बसली असती तर जमलं असतं. आई पण तेच म्हणायला लागलीय. तुम्ही जाऊन सांगा ना सगळ्यांना. मी सांगितलं तर मनाची समजूत घालते म्हणतील.”

मी गल्ली ओलांडून गेलो. अक्काच्या दारात चार बायका डाळ निवडत बसल्या होत्या आणि तिची जाऊ, ती काकू, त्यांच्या मधोमध होती. मी उभ्यानेच, त्या सगळ्या जणींना आणि आतल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, की मुलगी त्यांना चष्म्यासकट पहिल्याच दिवशी पसंत होती, होकार सात वेळा दारापर्यंत आला होता आणि सातही वेळा तो मी परत पाठवला.