हुरड्यावर ठरलेला विषय

माझी पीएच.डी. हुरडा खाता खाता ठरली आणि ठरवताना मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

नव्वदीतली गोष्ट. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी केदारखेड्याला घरी आले होते. दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक दूर, दक्षिणेतल्या संस्थेत. तिथल्या मुलाखतीत मी सांगितलं, मला पिकातल्या तणांचा अभ्यास करायचाय. माझी आई जन्मभर खुरपत आली; कोणतं तण कधी उगवतं, कोणतं उपटलं तरी पुन्हा फुटतं, हे तिला तोंडपाठ. ते का, हे मला शोधायचं होतं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. पुढं पत्र आलं: विषय मान्य, शिष्यवृत्ती मंजूर, पंधरा दिवसांत होकार कळवा. मी ते वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघू."

दुसरा अर्ज जवळच्या विद्यापीठात. तिथल्या एका गाईडकडं एकच जागा रिकामी होती. त्यांचा निरोप आला, "हुरडा सुरू झाला असेल ना? येतो एकदा शेतावर."

आले. सोबत दोन प्राध्यापक. आई आगटीपाशी कणसं भाजत होती, मी गरम हुरडा चोळून त्यांच्यापुढं ठेवत होते. चटणी हवी का, दही हवं का, एवढंच माझं बोलणं. सर वडिलांना म्हणाले, "मुलगी कष्टाळू दिसते." जणू मुलगी बघायलाच आले होते! वडीलही तसेच हात जोडून, "तुमच्या पदरात टाकली, सर."

मग मीच तोंड उघडलं. तणांचं सांगितलं. सर खो खो हसले. "अगं, तण उपटून फेकायचं असतं! माझ्याकडं शेवाळावर काम चालतं. तुला तलावातलं शेवाळ देऊन टाकू." सगळे हसले. पदर तोंडाला लावून आईही हसली. तिच्याच विद्येला हसले होते ते, आणि तिला कळलं नाही. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा सरांचाही आला नाही.

निघताना वडिलांनी तिघांना टॉवेल-टोपी केली, सरांच्या हातात नारळ ठेवला. गाडी गेल्यावर मी पत्र घेऊन पुढं उभी राहिले.

"आता न्हाई जमत," वडील म्हणाले. "सरांनी आपला नारळ घेतला. शब्द गेला आपला."

"मी आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, दादा."

"तवा नारळ दिला नव्हता. तवाच बराबर जोर लावायचा व्हता."

म्हणजे चूक माझीच! सोयरीक आणि संशोधन यांत काही फरक असतो, हे त्या भल्या माणसाला पटवायला मला शब्द सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले, आंतरदेशीय पत्र घेतलं आणि कोरंच घरी घेऊन आले. होकार कळवायची पंधरा दिवसांची मुदत उलटून गेली. त्या भित्रेपणाचा राग वेगळाच आहे, तो कुणावर काढता येत नाही.

सहा वर्षं मी तलावाच्या काठी बाटल्या भरल्या. डॉक्टर झाले, पुढं गाईडही झाले.

परवा तीर्थपुरीचे एक गृहस्थ लेकीला घेऊन माझ्या खोलीत आले. टेबलावर हुरड्याची पिशवी, साडी, वर नारळ. मी ताडकन उठले. "आधी हे उचला!"

ते घाबरले. "काय चुकलं का, मॅडम? मंग पोरीला जागा न्हाई का?"

"जागा आहे. पण नारळावर मिळत नाही." मी मुलीकडं वळले. "तुला कशावर काम करायचंय?"

तिनं वडिलांकडं पाहिलं. ते लगेच म्हणाले, "तुम्ही द्याल ते करन ती."

"मी तिला विचारलं!" माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असणार.

मुलगी चाचरत म्हणाली, "पण मॅडम, तुमच्याकडं शेवाळच देतात ना?"

तिच्याआधी माझ्याकडं तिघीजणी आल्या होत्या. तिघींना मी शेवाळच दिलं होतं, आणि तिघींपैकी एकीलाही, तुला कशावर काम करायचंय, हा प्रश्न विचारला नव्हता.