पडद्यावरून गेलेलं नाव

माह्या नवऱ्यानं, धोंडबानं, जिंदगीत कधी रांग मोडली नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमधी कोक ओव्हनले, कोळशाच्या भट्टीवर, होते, तवा कँटीनच्या रांगेत पोट्टे घुसत अन् हे आपले मागंच. मी चिडली का म्हणत, "पंचफुला, आपला नंबर कुठं पळून जाते?" अशा माणसासोबत संसार करून पाहा म्हणजे समजन.

आमची पोरगी संघमित्रा भिलाईतच एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. दुर्गच्या एका खाजगी दवाखान्याच्या रांगेचं काम त्यायच्याकडं आहे. जुन्या प्रोग्राममधी खोट होती. पुढं कोण आहे म्हणून डॉक्टरनं नुसतं पाहिलं, तरी ते नाव रांगेतून निघून जाय अन् आत बोलावणं होय त्याच्या मागच्याले.

पोरगी त्याच्याच मागं लागली होती. एक दिवस जेवताना पोळ्यायचा डबा समोर ओढून बाबाले समजावून राहिली होती. "समजा, या डब्यातून पोळी काढता येते, वापस टाकता येत नाही. मंग पुढची कशी पाहाची? एक काढून हातात धराची. कोणी कितीई खेपा विचारलं तरी तीच दाखवाची. वाढा म्हटलं का पयले हातातली वाढाची, मंगच डब्यात हात घालाचा."

"म्हणजे नुसतं पाहिल्यानं कोणाचा नंबर जात नाही?"

"नाही जात, बाबा. झालं लिहून. पण सायबानं अजून लावलं नाही. म्हणते, अभी चल रहा है न, चलने दो."

हे सायबाचं यायनं आयकलंच नाही. पायात चपला घालून शेजारच्या नत्थूभाऊले सांगाले गेले. आमच्या साऱ्या मरोदा वस्तीत गाजावाजा करून आले.

काही दिवसानं सकाळी यायच्या हातून चहाचा कप पडला. उजवा हात उचलेना. ऑटो करून त्याच दवाखान्यात गेलो. पडद्यावर यायचं नाव आलं, अन् गेलं. मंग दुसरेच आत जाऊन राहिले. मी म्हटलं, "उठा, नाही तं मी विचारते." यायनं डाव्या हातानं माहा पदर धरला.

"बस. पोरीचं मशीन आहे. ते नाव सोडत नाही."

मी बसली. यायचं तोंड वाकडं झालं तवा बोंबलत आत घुसली. डॉक्टर म्हणे, आल्याबरोबर आत आणलं असतं तं वाचा गेली नसती. मंग संघमित्रानं तपासलं. तेच झालं होतं. डॉक्टरनं पुढं कोण म्हणून पाहिलं, अन् हे रांगेतून गेले.

आता सायबानं तिचं काम लावलं. वरून तिले शाबासकी. चुलीत घाला तुमची शाबासकी.

पोरीले वाटते, बाबानं आपल्याले एकदा भरपूर शिव्या द्यावा. द्याले जीभ पायजे न. काय झालं ते आमी यायले सांगितलंच नाही. नत्थूभाऊ भेटाले आले का हे अजूनई डावा हात उचलून तिचा लॅपटॉप दाखवतेत. डोळे अस्से चमकतेत यायचे. संघमित्रा उठून आत जाते.