अकोल्याची वाट

हे मी बायकोला सांगितलं नाही, भावांना नाही, फडातल्या कुणालाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

समुद्रापलीकडे कुठेतरी युद्ध पेटलं आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या सालांत मी एका तमाशाच्या फडात सोंगाड्या होतो. काम वाईट नव्हतं. दोन वेळा पोटभर जेवण, नवा फेटा, आणि अमरावतीच्या कापूसबाजारात अनोळखी गाडीवानही मला पाहून हसायचे. घरी मात्र भाऊ पंगतीत बसू देत नसत. फड सुटला तर जायचं कुठे?

गंगी आमची नाचणारी. कौंडण्यपूरकडच्या माळ्याची मुलगी — जत्रेत फड पाहिला आणि आमच्यामागे निघून आली. लोक तिच्यासाठीच यायचे. ती गेली तर फड मोडला, असं आमचा नाईक, फडाचा मालक, उठता-बसता म्हणे.

माझी एक रीत होती. दिवसा बाजारात हिंडायचं, एखादा माणूस हेरायचा, आणि संध्याकाळी त्याची नक्कल करायची. त्या दिवशी एक जण दिसला. डोक्यावर काही नव्हतं, तरी मान ताठ, दोन्ही हात किंचित उचललेले — जन्मभर भाजीची टोपली वाहिलेल्याची चाल. तो सरळ माझ्याकडेच आला.

"दादा, तमाशाचा फड कुठसा उतरला? गंगी हाय ना त्याच्यात? मी भाऊ व्हय तिचा. माय खाटेवर हाय. गंगीले आन म्हनते, एकडाव पायतो म्हनते."

फड मागच्या आमराईत होता. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

"अकोल्याले गेला," मी म्हणालो. "कालच."

तो अकोल्याच्या वाटेला लागला. पायी तीन दिवस. दुसऱ्या सकाळी आम्ही वेगळ्याच वाटेने, परतवाड्याला निघणार होतो — ते मला ठाऊक होतं.

आणि त्या संध्याकाळी? दुसरा माणूस मी हेरलाच नव्हता. सवयीने अंगात तोच आला. मान ताठ, हात उचललेले. लोक पोट धरून हसले. गंगीही हसली — आणि मधेच थांबली.

"असा तं माया भाऊ चालते," खेळ संपल्यावर ती म्हणाली. "कुठं पायला तुमी हा मानूस?"

"शेंदूरजन्याले. मागच्या साली."

तिला ते पटलं. नाईकाने ती नक्कल रोजची केली. नको म्हणायला कारण काय देणार होतो? महिनाभर मी रोज तिच्यासमोर तिचा भाऊ होऊन चाललो.

मग आम्ही अकोल्याला पोचलो. तिथे तिच्या गावावरून आलेल्या एका गाडीवानाने तिला सांगितलं — आई गेली. त्याला तेवढंच माहीत होतं.

"मायनं बलावलंबी नाई मले," गंगी म्हणाली.

मी समोर होतो. फेटा बांधत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ आली. "दादा, घरचं कोनी दिसलं नाई कितीक सालांत. ते जरा चालून दाखवा ना."

मी चाललो. राहुटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती बघत बसली.

"अजून एकडाव," म्हणाली.

मी पुन्हा चाललो.