एक रिकामं आवर्तन

एखादा ग्रुप थोडी वर्षं एकत्र वाजवत राहिला की गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्याकडे तर गाणी मुळात पाचच, आणि तीही स्पॅनिश! मग किस्से किती साठले असतील, विचारूच नका.

आधी माणसं सांगतो. वसुधाताई आमच्या म्होरक्या, नगरच्या एका शाळेतून रिटायर झालेल्या संगीतशिक्षिका. स्पॅनिश कवितांना चाली त्यांच्याच, गातातही त्याच. राग आपले, पण सोबत व्हायोलिन, चेलो, चौघींचा कोरस, सगळं एकदम मॉडर्न. व्हायोलिनवर मी, पोटापाण्यासाठी लोकांचे दात काढतो. तबल्यावर मिरजगावचा दिलीप. त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि लहानपण सगळं भजनी मंडळात गेलेलं.

*

स्पॅनिशच का? तर ताईंचे यजमान! आम्ही त्यांना सर म्हणायचो. भूगोलाचे मास्तर. रिटायर झाल्यावर लोक शेअर मार्केट शिकतात, हे मोबाईलवर स्पॅनिश शिकले! स्पेन नकाशातच पाहिलेला. पण व्हरांड्यात बसून मोठमोठ्यानं कविता वाचायचे आणि ताईंना अर्थ सांगायचे.

तालमीला गेलं की एक सीन ठरलेला. ताई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अहो, चहा!" सर पुस्तकात. काही नाही. आम्ही एकमेकांकडे बघायचो, ऐकलं की नाही यांनी? आणि तालाचं चांगलं एक आवर्तन उलटून गेल्यावर सावकाश उत्तर यायचं, "ओऽऽ!"

दिलीप म्हणायचा, "सर समेवर बराबर येत्यात, फकस्त एक आवर्तन उशिरा!"

*

सर गेले. त्यानंतर ताईंनी पाचवं गाणं केलं.

कविता छोटीशीच. नदीच्या या काठावरून एक बाई पलीकडच्या आपल्या माणसाला हाका मारते. हाका संपतात, कविता संपते. ताईंनी मात्र शेवटच्या हाकेनंतर एक अख्खं संथ, विलंबित आवर्तन रिकामं ठेवलं. कुणी गायचं नाही, वाजवायचं नाही. ताई हात वर धरणार, तो खाली आला की माझं व्हायोलिन सुरू.

"बाकी गाणं बिघडलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "ही शांतता मला कार्यक्रमात एकदा तरी अख्खी ऐकायचीय."

एवढंच मागणं होतं त्यांचं.  

*

पण दिलीपचे हात! ती जागा आली की तिथं हमखास एक तुकडा वाजणारच. ताई चिडल्या.

"ताई, मुद्दाम न्हाई ओ. भजनात रिकामी जागा सोडली तर आमच्या बुवांनी टाळ फेकून मारला असता!"

"मग हातावर बस," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून ती जागा आली की हा गडी खरंच दोन्ही हात मांडीखाली घालून बसतो!

*

या गाण्याचा पहिला कार्यक्रम नगरला. ताईंचा हात वर गेला, आणि पहिल्या रांगेतल्या एका रसिकानं मान डोलावत खणखणीत दाद दिली, "वाऽऽ! क्या बात है!" झालं, सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

नंतर ते गृहस्थ कौतुक करायला आत आले. ताई शांतपणे म्हणाल्या, "जरा दम धरला असतात ना, तर मीच तुम्हाला दाद दिली असती!"

*

मिरजगावला तर कहर! दिलीपचं गाव, स्वागत जंगी. ताईंनी हात वर धरला, सगळं शांत झालं. आयोजकांना वाटलं, संपलं. ते शाल-श्रीफळ घेऊन लगबगीनं स्टेजवर आले आणि ताईंच्या त्या वर धरलेल्या हातातच नारळ ठेवला!

दिलीप शरमेनं लाल. "ताई, आमच्याकडं गप झालं की आभार मानायची पद्धत हाय."

भंडारदऱ्याला एका रिसॉर्टवर वाजवलं. ऐन शांततेत वेटर दारात येऊन ओरडला, "चला, जेवण तयार हाय!" अर्धे श्रोते उठले.

परतताना जीप घाट उतरली. मग ताई म्हणाल्या, "आता कोपरगावला. तिथंही नाही जमलं, तर ते आवर्तन मी काढूनच टाकणार आहे."



*

कोपरगावला एका शाळेचा हॉल होता, मागच्या खिडक्यांतून गोदावरी दिसत होती. सुरुवातीलाच मी हात जोडले, "मायबाप, मोबाईल बंद, दाद नंतर, आणि आम्ही थांबलो की तुम्हीही थांबा!" मी पंखेसुद्धा बंद करायला लावले.

पाचवं गाणं आलं. ताईंनी हाका घातल्या. शेवटची हाक संपली, हात वर गेला. दिलीपनं हात मांडीखाली घातले.

आणि कुणीही हललं नाही! साधं खोकलंसुद्धा नाही कुणी. मी तारेवर गज ठेवून मनात मात्रा मोजत होतो. अख्खं आवर्तन पुरं झालं. जमलं एकदाचं!

पण ताईंचा हात खाली येईना.

दुसरं आवर्तन सुरू झालं. ताई लोकांच्या डोक्यांवरून पार मागं, दाराकडे बघत होत्या.  मला सुरू करता आलं असतं, पण धीर होईना.

तेवढ्यात दिलीपनं मांडीखालून एक हात काढला आणि डग्ग्यावर एकच ठोका दिला, हलका, खोल आणि सावकाश.

ताईंचा हात खाली आला. मी कसं वाजवलं, मला आठवत नाही.

नंतर आत आम्ही वाद्यं आवरत होतो. आज दिलीपचं काही खरं नव्हतं. ताई त्याच्या पुढ्यात येऊन थांबल्या.

"दिलीप, ते काय होतं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "लई वेळ हाक मारून उभ्या हुता तुमी, ताई. कुनीतरी ओ द्यायला नको?"